मध्यस्थ कोण? : कॅथलिक, बॅप्टिस्ट आणि इतर प्रॉटेस्टंट पंथांतील भेद

आपल्याकडे धर्मांतराची चर्चा निघाली की 'ख्रिस्ती' हा शब्द एखाद्या एकजिनसी वस्तूचे नाव असावे तसा वापरला जातो. अमका ख्रिस्ती झाला, तमक्या गावचा सगळा वाडा ख्रिस्ती झाला, एवढे सांगून आपण थांबतो. तो कोणत्या पंथात गेला, तेथे निर्णय कोणाच्या हाती असतो, तेथे बाईला उपदेशक होता येते काय, मेल्यावर माणसाला कोणत्या रांगेत पुरतात, हे प्रश्न आपण विचारीत नाही. अभ्यासवर्गांतून विद्यार्थी मला पुष्कळदा विचारतात, "सर, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात फरक काय?" आणि त्यांच्यापैकीच कोणीतरी उत्तर देऊन मोकळा होतो, "एक मूर्ती ठेवतो, दुसरा ठेवीत नाही." हे उत्तर अगदीच खोटे नाही, पण ते उंबऱ्याशीच थांबते. घरात काय आहे ते त्यातून कळत नाही.

माझ्या मते या सर्व भेदांचे मूळ एका प्रश्नात आहे. माणूस आणि देव यांच्यामध्ये कोण उभे आहे, आणि त्याला तेथे उभे राहण्याचा अधिकार कोणी दिला? कॅथलिक चर्च एक उत्तर देते, ल्यूथरपासूनचे प्रॉटेस्टंट दुसरे देतात, आणि बॅप्टिस्ट त्या दुसऱ्या उत्तराला शेवटच्या टोकापर्यंत नेतात. पुरोहितशाहीचा प्रश्न आपल्याला नवा नाही. म्हणून या वादाकडे परक्याच्या घरचे भांडण म्हणून पाहू नये, एवढेच प्रारंभी सांगतो.

आधी जे समान आहे ते सांगितले पाहिजे. एकच देव, तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रैक्यरूप, येशूचे क्रुसावरील मरण व पुनरुत्थान, आणि नव्या करारातील २७ पुस्तके या गोष्टी कॅथलिक, ल्यूथरन, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट व बॅप्टिस्ट या सर्वांना मान्य आहेत. भांडण आहे ते या श्रद्धेचा अर्थ लावणार कोण आणि तिचे फळ माणसाच्या पदरात पडते कसे, यावर.

१

कॅथलिक मताप्रमाणे देवाचे प्रकटीकरण पवित्र शास्त्र आणि परंपरा या दोन्ही वाटांनी आले आहे, व त्याचा अधिकृत अर्थ लावण्याचे काम पोप आणि त्याच्याशी ऐक्य राखणारे बिशप यांचे आहे. ही बिशपांची साखळी थेट येशूच्या शिष्यांपर्यंत जाते, आणि पोप हा संत पेत्राच्या गादीवर बसतो, अशी श्रद्धा आहे. पोप कधीच चुकत नाही असे कॅथलिक मानतात, हा गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने जे ठरविले ते इतकेच की, श्रद्धा व नीती यांविषयी साऱ्या चर्चसाठी पोप विधिपूर्वक अंतिम घोषणा करतो तेव्हा ती अचूक मानावी. अशी घोषणा फार क्वचित होते. मारिया सदेह स्वर्गात घेतली गेली, ही १९५० ची घोषणा त्यांपैकी एक.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर या जर्मन मठवासी प्राध्यापकाने आपली ९५ विधाने पुढे केली. तात्कालिक कारण होते पापदंडाच्या माफीपत्रांची विक्री. पैसे द्या आणि आपल्या किंवा मेलेल्या आप्ताच्या आत्म्याचा दंड कमी करून घ्या, असा तो बाजार होता. हा बाजार पुढे कॅथलिक चर्चने स्वतःच बंद केला. परंतु ल्यूथरने काढलेला मूळ प्रश्न त्यामुळे मिटला नाही. माणूस तरतो तो केवळ देवाच्या कृपेने आणि केवळ विश्वासाने, शेवटचा आधार केवळ शास्त्र, आणि विश्वास ठेवणारा प्रत्येक जण याजकच आहे, ही त्याची भूमिका होती. जोतीरावांची भटशाहीवरील टीका ज्यांनी वाचली आहे, त्यांना या शेवटच्या मुद्द्याचे वजन समजावून सांगावे लागणार नाही.

शास्त्र तरी एकच आहे काय? नाही. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. जुन्या करारातील सात पुस्तके प्रॉटेस्टंटांनी प्रमाण मानली नाहीत. मृतांसाठी प्रार्थना करण्यास कॅथलिक जो आधार देतात तो यांपैकीच एका पुस्तकात आहे, तेव्हा हा केवळ पानांचा हिशेब नव्हे.

तारणाविषयीही एक गोष्ट नीट समजून घ्यावी. 'कॅथलिक कर्माने तरतात, प्रॉटेस्टंट विश्वासाने' असे ठोकळ वाक्य पुष्कळ पुस्तकांत आढळते. कॅथलिक शिकवणीतही आरंभ कृपेचाच आहे. मात्र ती कृपा माणसाला आतून बदलते, आणि प्रेमाने कृती करणारा विश्वासच तारतो, असे ती म्हणते. १९९९ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ज्या मुद्द्यावरून युरोप फाटला, त्यावर पावणेपाचशे वर्षांनी बरेचसे एकमत झाले. उरलेले भेद मात्र चर्चच्या रचनेत व व्यवहारात घट्ट रुतून बसले आहेत.

२

बॅप्टिस्टांचे वेगळेपण पाण्यापाशी दिसते. कॅथलिक चर्च तान्ह्या मुलाला स्नानसंस्कार देते, कारण त्याने आदिपापाचा डाग धुतला जातो व मूल चर्चच्या कुटुंबात येते. ल्यूथरन, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व मेथडिस्ट हेही बालकांना बाप्तिस्मा देतात. म्हणजे या बाबतीत बॅप्टिस्टांचे भांडण जितके रोमशी, तितकेच इतर प्रॉटेस्टंटांशी आहे. बॅप्टिस्ट म्हणतात, ज्याला विश्वास म्हणजे काय ते कळत नाही, त्याच्या वतीने आईबापांनी होकार कसा द्यावा? माणसाने समजून उमजून, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा आणि मगच पाण्यात संपूर्ण बुडवून त्याचा बाप्तिस्मा व्हावा. बाप्तिस्म्याने तारण होत नाही; आत जे घडले त्याची ती उघड साक्ष आहे.

आज ही गोष्ट साधी वाटते. सोळाव्या शतकात तिच्यासाठी जीव द्यावा लागला. झुरिकमध्ये १५२५ साली प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देणारे लोक निघाले, आणि १५२७ साली त्यांच्यातील फेलिक्स मान्झ याला नदीत बुडवून मारण्यात आले. मारणारे कॅथलिक नव्हते, प्रॉटेस्टंट नगरसत्ता होती. कारण उघड आहे. जन्मतःच प्रत्येकाची चर्चच्या वहीत नोंद होते तेव्हा चर्च आणि राज्य एकच होऊन बसतात. जन्माने कोणी ख्रिस्ती नाही असे म्हणणारा माणूस त्या व्यवस्थेचा पायाच उपटतो.

इंग्रज बॅप्टिस्टांचा उगम थोडा पुढचा. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या जॉन स्मिथने १६०९ साली ॲम्स्टरडॅम येथे असा बाप्तिस्मा घेऊन मंडळी उभी केली. त्याचा सहकारी थॉमस हेल्विस १६१२ च्या सुमारास लंडनला परतला, राजाचा अधिकार माणसाच्या आत्म्यावर चालत नाही असे त्याने लिहिले, आणि तो तुरुंगातच मेला. धर्म आणि राज्य यांची फारकत ही कल्पना बॅप्टिस्टांच्या पाण्यातून अशी वर आली आहे.

व्यवहारात याचा परिणाम असा. बॅप्टिस्ट किंवा अन्य प्रॉटेस्टंट माणूस कॅथलिक झाला, तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला त्याचा बाप्तिस्मा ग्राह्य धरतात, तो पुन्हा करीत नाहीत. उलट कॅथलिक माणूस बॅप्टिस्ट मंडळीत गेला तर बहुधा त्याला पुन्हा पाण्यात उतरावे लागते. कारण त्यांच्या दृष्टीने बालपणी झाला तो बाप्तिस्माच नव्हे.

३

कॅथलिक देवळात शिरलात तर नजर वेदीवर जाते. प्रॉटेस्टंट, विशेषतः बॅप्टिस्ट प्रार्थनामंदिरात शिरलात तर नजर उपदेशकाच्या व्यासपीठावर आणि त्यावरील बायबलावर जाते. ही केवळ बांधकामाची तऱ्हा नाही.

कॅथलिकांचे संस्कार सात : स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. प्रॉटेस्टंटांनी सामान्यतः दोनच ठेवले, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. आणि बॅप्टिस्ट त्यांनाही संस्कार न म्हणता प्रभूचे विधी म्हणणे पसंत करतात, म्हणजे येशूने करावयास सांगितले म्हणून करावयाच्या गोष्टी. मिस्सामध्ये धर्मगुरूने शब्द उच्चारल्यावर भाकर व द्राक्षारस यांचे रूप तेच राहते, पण तत्त्व बदलून ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते, ही कॅथलिक श्रद्धा. म्हणूनच उरलेला प्रसाद पेटीत जपून ठेवतात, त्यापुढे दिवा तेवत ठेवतात आणि गुडघा टेकतात. ल्यूथरही ख्रिस्ताची खरी उपस्थिती मानीत होता; स्विस सुधारक झ्विंग्ली म्हणे, हे स्मरण आहे. १५२९ साली मारबुर्ग येथे दोघे समोरासमोर बसले, आणि याच मुद्द्यावर त्यांचे जुळले नाही. बॅप्टिस्ट सामान्यतः झ्विंग्लीच्या बाजूचे.

आता यातील सत्तेचा धागा पाहा. भाकर ख्रिस्ताचे शरीर होते, पण ते दीक्षित धर्मगुरूच्या हातून. पापाची क्षमा देव करतो, पण ती कानावर येते धर्मगुरूच्या तोंडून. तेव्हा धर्मगुरू नसेल तर गावाला मिस्सा नाही. प्रॉटेस्टंट माणूस आपले पाप थेट देवापुढे कबूल करतो, आणि पाळक नसला तरी मंडळी प्रार्थना चालवू शकते. कॅथलिक धर्मगुरू सामान्यतः अविवाहित असतो, स्त्री धर्मगुरू होऊ शकत नाही. प्रॉटेस्टंट पाळक संसारी असतो. अनेक पंथांत स्त्रियाही पाळक होतात, दक्षिण भारताच्या चर्चमध्ये तर २०१३ साली स्त्री बिशप झाली. बॅप्टिस्टांत मात्र या प्रश्नावर एकमत नाही.

विवाहाचा मुद्दा कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. कॅथलिकांत विवाह हा संस्कार आहे आणि तो तुटत नाही. न्यायालयाने घटस्फोट दिला तरी चर्चच्या न्यायमंडळाने मुळात विवाह वैध झालाच नव्हता असे ठरविल्याशिवाय चर्चमध्ये दुसरे लग्न लागत नाही. प्रॉटेस्टंट पंथ विवाहाला पवित्र मानतात, पण घटस्फोट शक्य मानतात. टाकलेल्या बाईची बाजू घेऊन आपण जातो तेव्हा हे ठाऊक नसेल तर अर्धी लढाई चुकीच्या दारावर लढली जाते.

मारिया आणि संत यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. कॅथलिक त्यांची पूजा देवासारखी करीत नाहीत. 'आमच्यासाठी विनंती करा' असे त्यांना म्हणतात. प्रॉटेस्टंटांचे म्हणणे असे की, येशू हा एकच मध्यस्थ असताना दुसरे कशाला? शास्त्राच्या दृष्टीने हा वाद कसाही सुटो, लोकजीवनात त्याचे परिणाम वेगळे दिसतात. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेला जाणाऱ्या समाजाला तेथे यात्रा मिळाली, नवस मिळाला, आई मिळाली. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत यात्रेची ही जागा शाळेने, बायबल वाचनाने आणि भजनाने घेतली. नारायण वामन टिळकांची पदे ही त्या परंपरेची देणगी. अक्षर आधी कोणाच्या हाती पडले असे विचाराल, तर वाचल्याशिवाय धर्मच नाही असे मानणाऱ्या पंथाला साक्षरतेची घाई अधिक होती, असे मला वाटते. नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ साली छापले ते श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, विल्यम कॅरी आदी बॅप्टिस्टांनी. कॅथलिक मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली ती १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. अर्थात फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ चे आहे, हेही विसरू नये.

४

दलित ख्रिस्त्यांच्या सवलतींसाठीच्या एका निवेदनावर सह्या घेत आम्ही हिंडत होतो. फादर म्हणाले, "माझी सहानुभूती आहे, पण बिशपांना विचारावे लागेल." पलीकडच्या आळीतले पाळक म्हणाले, "रविवारी मंडळीपुढे ठेवतो." दोघेही टाळाटाळ करीत नव्हते. दोघांनीही आपापल्या चर्चची घटनाच आम्हाला सांगितली.

चर्चच्या कारभाराच्या ढोबळमानाने तीन तऱ्हा आहेत. पहिली बिशपांची : कॅथलिक, अँग्लिकन, आणि थोड्या वेगळ्या रीतीने मेथडिस्ट. दुसरी वडिलांच्या मंडळाची : प्रेस्बिटेरियन. तिसरी मंडळीची : काँग्रिगेशनल आणि बॅप्टिस्ट. या तिसऱ्या तऱ्हेत प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र असते. पाळक नेमणे, काढणे, सभासद घेणे, जमाखर्च मंजूर करणे हे सभासदांच्या मताने होते. वर संघ असतो, पण तो सल्ला देतो, हुकूम सोडीत नाही. या तऱ्हा एकत्रही येऊ शकतात. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले, त्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे आणि उत्तर भारतातील काही बॅप्टिस्टही सामील झाले. बिशप स्वीकारले गेले. बाल-बाप्तिस्मा आणि प्रौढ-बाप्तिस्मा असे दोन्ही पर्याय ठेवले गेले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे त्यांनी अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. तेथल्या सिस्टरांचा कल कॅथलिक रीतीकडे होता. त्यांनी आज्ञापालनाचा आग्रह धरताच, एका पुरोहितवर्गाचे जोखड आताच फेकल्यावर मी दुसरे तसलेच जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी पत्रातून दिले. प्रॉटेस्टंट विचाराचे सार याहून नेमके सांगता यायचे नाही.

५

मग आपल्या दृष्टीने प्रश्न सुटला काय? मध्यस्थ काढला की समता येते काय? इतिहास असे सांगत नाही.

स्वतः ल्यूथरने १५२५ साली, जर्मन शेतकरी आपल्या हक्कांसाठी उठले तेव्हा, त्यांना चिरडण्यासाठी सरदारांना चिथावणी दिली. अमेरिकेत १८४५ साली बॅप्टिस्ट फुटले ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही या प्रश्नावर. नेमावे असे म्हणणाऱ्यांनी दक्षिणेचा वेगळा संघ काढला, आणि त्या संघाने माफी मागितली ती १९९५ साली. परंतु त्याच बॅप्टिस्ट घटनेने काळ्या गुलामांच्या वंशजांना स्वतःच्या मंडळ्या उभारू दिल्या. त्यांना गोऱ्या बिशपची परवानगी लागली नाही. १९५५ साली माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराचे नेतृत्व करणारे मार्टिन ल्यूथर किंग हे बॅप्टिस्ट पाळक होते, हा योगायोग नव्हे. स्वतंत्र मंडळी हे हत्यार आहे; मालकाच्या हाती पडले तर ते मालकाचे, गुलामाच्या हाती आले तर गुलामाचे. कॅथलिक बाजूही स्वच्छ नाही. अमेरिकेतील जेझुइटांनी १८३८ साली २७२ गुलाम विकले, आणि तेही वरिष्ठांच्या संमतीने.

भारतात हेच जातीच्या रूपाने घडले. १६०६ साली मदुरेस आलेला जेझुइट रॉबर्ट दि नोबिली ब्राह्मण संन्याशासारखा राहू लागला. जानवे, गंध ही धर्माची नव्हेत, समाजाची चिन्हे आहेत असे त्याने मांडले, आणि रोमने १६२३ साली त्याला मान्यता दिली. पुढे वरच्या व खालच्या जातींसाठी मिशनरीही वेगळे झाले. तमिळनाडूतील वडक्कनकुलमच्या कॅथलिक देवळात जातींना विभागणारी भिंत होती. ती पडली १९१० साली. प्रॉटेस्टंटांतही तरंगमबाडीच्या ल्यूथरन मंडळीत बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. १८३३ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी जात सोडा असा सक्त आदेश काढला, तेव्हा तंजावरकडच्या पुष्कळ वेल्लाळ ख्रिस्त्यांनी चर्च सोडले, जात सोडली नाही.

बॅप्टिस्टांची गोष्ट तेलुगू मुलखात घडली. ओंगोल भागात येर्रागुंटला पेरय्या या चामड्याचे काम करणाऱ्या मादिग माणसापासून सुरू झालेली लाट १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर फुटली, आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ माणसांनी गुंडलकम्मा नदीत बाप्तिस्मा घेतला. पाण्यात उभे राहून तो देणारे तेलुगू उपदेशकच होते. जो पंथ 'एकट्याने, समजून निर्णय घ्या' म्हणतो, त्याच्याकडे लोक जातीने, गावाने आले. हा विरोधाभास आहे; पण ज्याला गावाने कधी एकटा माणूस मानलेच नाही, त्याने एकट्याने निर्णय घ्यावा तरी कसा? मात्र मंडळी एकाच जातीची झाली की तिच्या स्वातंत्र्यातच दुसरी जात बाहेर राहते. माला आणि मादिग यांच्या मंडळ्यांतील दुरावा हा त्याचा पुरावा.

यातून मी काढतो तो निष्कर्ष असा. कॅथलिक चर्चमध्ये जात उतरंडीत शिरते, म्हणजे बिशपच्या नेमणुकीत, गुरुदीक्षेच्या प्रवेशात, दफनभूमीच्या भिंतीत. पण वरून आदेश आला तर तो सगळीकडे लागू करता येतो. २०१६ साली भारतीय कॅथलिक बिशपांनी दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, आणि २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. बॅप्टिस्टांत जात मंडळीच्या मतपेटीत शिरते. तेथे वरून आदेश येणार नाही. लढा गावातच, सभासदांच्या सभेतच द्यावा लागतो. पण तो जिंकला तर कोणी बिशप तो उलटवू शकत नाही.

बाबासाहेबांनी 'द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट' या लेखात याहूनही खोल बोट ठेवले आहे. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले गेले की तुझी दशा तुझ्या पूर्वकर्माने झाली. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले की ती आदिपापाने झाली. दोन्ही वेळी अन्याय करणारा सुटला. या टीकेपुढे कॅथलिक आणि बॅप्टिस्ट हा भेद फिका पडतो. तिला उत्तर देण्याचा प्रयत्न १९८० नंतर अरविंद निर्मळ आदींच्या दलित ईश्वरशास्त्राने केला. त्याचे मूल्यमापन हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आणि राज्य तर पंथ पाहातच नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना मिळाला. मिस्साला जाणारा दलित आणि नदीत बुडून बाप्तिस्मा घेणारा दलित, दोघेही त्याच्या बाहेरच आहेत.

शिक्षक व विद्यार्थी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. कॅथलिक देवळांत आणि जुन्या मिशन मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या व दफनाच्या नोंदवह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. ज्या माणसांची नावे पाटलाच्या दप्तरात केवळ कामापुरती येत, ती तेथे आईबापांच्या नावांसह सापडू शकतात. आपापल्या तालुक्यातील या वह्या पाहण्यास मिळतात काय, याची चौकशी करा. फादरांकडे गेलात तर बिशपांच्या नावे पत्र घेऊन जा, आणि पाळकांकडे गेलात तर रविवारच्या सभेला हजर राहा.